तीन त्रेपन्नचा पहारा

आंबेगाळीच्या विठ्ठलमंदिरात सप्ताहाचा पाचवा दिवस होता. दुपारची पंगत उठली होती, आणि पहाऱ्याच्या वहीप्रमाणे देवापुढं सहा टाळकरी, एक मृदंगी आणि एक विणेकरी उभं राहून अखंड नामस्मरण करत होते.

वहीप्रमाणे. प्रत्यक्षात उभी होती ती एकटी गुणाबाई. गव्हाची गोड हुग्गी आणि वांग्याची भाजी रिचवून सहाही टाळकरी खांबांच्या कडेनं ओळीनं आडवे झाले होते. मृदंगी मृदंगावरच डोकं टेकून पडला होता. आणि टाळकऱ्यांतलाच एक, गुणाबाईचा नवरा भावकू, टाळ उशाला घेऊन अशा काही लयीत घोरत होता की बाहेरून येणाऱ्याला वाटावं, मृदंग चालूच आहे.

सप्ताहाचा नियम साधा आहे. सात दिवस, सात रात्री वीणा गळ्यातून गळ्यात जाते, जमिनीला टेकत नाही. दोन-दोन तासांचा एकेक पहारा. देणारा आणि घेणारा एकमेकांच्या पाया पडतात, रामकृष्णहरी म्हणतात आणि पट्टा ह्या मानेवरून त्या मानेवर सरकतो. बोटभर फट पडायची नाही. आंबेगाळीत हे सव्वीस वर्षं चाललं होतं, आणि सव्वीस वर्षं वीणा फक्त पुरुषांच्याच गळ्यात होती. सत्ताविसाव्या वर्षी पुरुष कमी पडले. निम्मे बेळगावात नोकरीला, त्यांना रजा मिळेना. उरलेल्यांचे गुडघे दुखत होते. तेव्हा कमिटीनं मोठ्या मनानं ठराव केला की बायकांनाही एक पहारा द्यावा. कुठला, तर दुपारी दोन ते चार. जेवण अंगावर आलेलं, पत्रा तापलेला, ऐकायला कुत्रं नाही, असा.

गुणाबाईला तो पहारा मिळाला तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. अठ्ठावन्न वर्षांची बाई. लहानपणापासून खांबाआड बसून कीर्तनं ऐकलेली. बुवा एखाद्या चरणाशी अडखळले तर पुढचा शब्द खांबाआडून यायचा, आणि बुवा मान हलवून पुढं जायचे. कुणी सांगितला, हे माइकवरून कधी आलं नाही. तिनं कधी अपेक्षाही केली नाही. पण वीणा गळ्यात घालून देवापुढं उभं राहायचं, तेही आपल्या नावानं, वहीत लिहून! पाच दिवस ती दोनच्या आधी पाव तास येऊन पायरीवर बसत होती.

चार ते सहाचा पहारा कमिटीचे अध्यक्ष परशराम आण्णांचा. आण्णा दूध डेअरीचेही चेअरमन होते, आणि गावात जिथं म्हणून खुर्ची होती तिथं तिथं ते बसलेले होते. चार ते सहा त्यांनी स्वतःच निवडला होता, कारण चारला चहा येतो, चहाबरोबर माणसं येतात, आणि पश्चिमेच्या खिडकीतून ऊन तिरकं विणेवर पडतं. त्या दिवशी त्यांनी बॅनरसाठी खानापूरचा फोटोवाला बोलावला होता. फोटोवाल्याला साडेचारची बस गाठायची होती. म्हणून आण्णा तीन पन्नासलाच आले.

"दे आक्का वीणा. दहा मिंटानं काय हुतंय?"

गुणाबाईला वाटलं, देवाच्या दारी मिनिटं काय मोजायची. ती वाकली, आण्णा अर्धवट वाकले, रामकृष्णहरी झालं, पट्टा सरकला. ती दाराशी जाऊन पायरीवर बसली आणि तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलं. फोटोवाला कॅमेऱ्याचं तिकाटणं उभं करत होता. आण्णांनी डोळे मिटून भक्तिभाव धारण केला होता.

आणि खालून आवाज आला. टिप्परनं एकदम दगड ओतावेत तसा. पायरी थरथरली, पेल्यातल्या पाण्यावर बारीक वर्तुळं उठली, पत्रा कुरकुरला. तीन सेकंद, फार तर चार. गुणाबाईनं हात जोडले, आणि ते वर नेईपर्यंत सगळं शांत झालं होतं.

फक्त आण्णा नव्हते. फोटोवाला कॅमेरा काखेत मारून पुढं, आण्णा त्याच्या मागं, धोतराचा सोगा हातात, असे ते तिच्या अंगावरून पिंपळाकडं गेले. वीणा देवापुढं फरशीवर आडवी पडली होती. तारा अजून गुणगुणत होत्या.

गुणाबाई धावली. वाकून दोन्ही हातांनी तिनं वीणा उचलली, पदरानं पुसली, गळ्यात घातली. नेमक्या त्याच क्षणी टाळकऱ्यांमधले दोघं-तिघं डोळे चोळत उठून बसले. त्यांनी पाहिलं ते एवढंच: फरशीवर वीणा आणि तिच्यावर वाकलेली गुणाबाई.

फोटोवाला पळता पळता थेट खानापूरच्या बसमध्येच जाऊन थांबला.

संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या फोनवर बातमी आली. तीव्रता तीन पूर्णांक एक, खोली पाच किलोमीटर, वेळ दुपारी तीन वाजून त्रेपन्न मिनिटं वीस सेकंद, केंद्रबिंदू करजगुंडीजवळ. मराठी पेपरच्या पानावर हा हादरा सीमाभागाला बसला होता, कन्नड पेपरच्या पानावर कर्नाटकाला. पण आंबेगाळीला दुःख वेगळंच होतं. केंद्रबिंदू करजगुंडी? ज्या गावाला जांबोटीची बस दिवसातून दोनदा, तीही ड्रायव्हरच्या मर्जीनं, त्या गावाखालची जमीन हलते आणि आपल्याखालची नुसती तिच्या नादानं हलते? करजगुंडीचा डेअरी चेअरमन आण्णांचा जुना हाडवैरी. त्यानं स्टेटसला नकाशा ठेवला होता.

कीर्तनाआधी कमिटी बसली. वीणा जमिनीला टेकली होती, सप्ताह खंडित झाला होता, आणि दोष कुणाचा हे ठरवायचं होतं. गुणाबाईनं घडलं ते सांगितलं, जसंच्या तसं. आण्णा तिच्याकडं न बघता दरवाजाकडं बघत राहिले. मग त्यांनी वही मागवली.

वही भरमाकडं असायची. भरमा म्हणजे शाळेतून निवृत्त झालेला शिपाई, अक्षर मोत्यासारखं. त्या अक्षराला खाडाखोड सोसत नसे, म्हणून तो रोज सकाळी सातला बसून पुढच्या चोवीस तासांत कोण कधी उभं राहिलं हे नीट लिहून काढायचा आणि दिवसभर मोकळा व्हायचा.

"वाच, भरमा. दोन ते चार कोण?"

"वीणा, गुणाबाई भावकू."

"आनी सरकार काय म्हंतंय? भूकंप कवा झाला?"

"तीन त्रेपन्न. वीस सेकंद."

आण्णांनी दोन्ही हात पसरले. "आता सांगा. सरकार खोटं, का वही खोटी?"

"वही खोटी," गुणाबाई म्हणाली.

सगळे हसले. एवढ्या सुंदर अक्षरातली वही खोटी कशी असेल?

कमिटीनं ठरवलं ते असं: उद्याच्या कीर्तनाआधी गुणाबाईनं माइकवर येऊन कान धरावेत आणि गावाची माफी मागावी. मग विषय संपला. नाही मागितली तर वहीत तांबड्या शाईनं तिचं नाव चढेल आणि पुढच्या वर्षापासून बायकांना वीणा नाही. उद्याचा दोन ते चारचा पहारा तोवर भावकूकडं. भावकू त्या वेळी बाहेर पान लावत होता. त्याला हे घरी गेल्यावर कळलं.

त्या संध्याकाळी हिंडलग्याचे बुवा कीर्तनाला उभे राहिले. हिंडलग्याचे म्हटलं की लोक तिथल्या तुरुंगावरून काहीतरी बोलतातच, आणि बुवा स्वतःच सांगायचे की मी अजून आत गेलो नाही, आत जाण्याजोगं काम देवानं करू दिलं नाही. गोड गळा. त्या दिवशी त्यांनी नेहमीचं निरूपण थोडं बाजूला ठेवलं आणि एवढंच बोलले की वीणा गळ्यात असते ती लोकांना दिसते, जिवात असते ती देवाला दिसते. लोकांना दिसणारी पडली तर उचलता येते. मग चाल लावली. गुणाबाई खांबाआड बसून रडली, पण ते रडणं कीर्तनातलं, बरं वाटणारं.

घरी आल्यावर भावकू म्हणाला, "धर की कान. कान काय झिजत्यात व्हय? मी तर रोज धरतो तुज्यापुढं."

"तुमी खरं केलेल्याचं धरता."

"आता गावानं म्हटलंय..."

"देवापुढं उभं ऱ्हाऊन, देवाच्या माइकवर, न केलेलं केलं म्हणून सांगू? आनी त्यो ऐकणार. तुमच्यागत झोपलेला न्हाय त्यो."

भावकू अंथरूण घालायला उठला. पण दारात मालुबाई उभी होती, शेजारची, तीन लेकरांची आई. ती महिनाभर गुणाबाईकडून विणेची पकड शिकत होती. पुढच्या वर्षीचा पहारा तिनं मनात धरला होता. तिनं काही मागितलं नाही. "आक्का, मग पुढच्या वर्साचं..." एवढंच म्हणाली आणि वाक्य तिथंच ठेवून गेली. त्या अर्ध्या वाक्यानं गुणाबाईची झोप उडवली. खरं बोलायचं तर सगळ्या बायकांचा पहारा जातो. खोटं बोलायचं तर आपला देव जातो. माणसांनी फार हुशारीनं बांधलं होतं हे.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास भूकंप मोजणाऱ्या सरकारी खात्याची जीप आली. उतरली ती तिशीच्या आतली एक मुलगी, पायात जाड बूट, खांद्याला पिशवी, हातात कन्नड अर्जांची चवड. नाव समता, निपाणीची. भूकंप झाला की कुठल्या गावात तो कसा जाणवला, याची माहिती घ्यायला खातं माणूस पाठवतं, तशी ती सकाळपासून गावोगाव फिरत होती. मंदिरात माणसं आयती जमलेली, म्हणून तिथंच बसली.

आण्णांनी खुर्ची दिली, चहा मागवला, निपाणीत कुठं राहता विचारलं आणि मग ज्यासाठी हे सगळं विचारलं होतं ते विचारलं, "आडनाव काय म्हनलासा?"

"अर्जावर तुमचं लिहायचंय, माझं न्हाय," समता म्हणाली आणि पेन काढलं.

कमिटीतल्या दोघांनी खुर्च्या हळूच मागं घेतल्या. गुणाबाईनं आपल्या तांब्यातलं पाणी आपल्याच पेल्यात ओतून तिला दिलं. समतानं एका दमात पिऊन पेला परत दिला आणि हसली.

मग तिनं समजावून सांगितलं. तीन पूर्णांक एक हा भूकंपाचा आकडा. तो सगळ्यांना एकच, यंत्रावरचा. पण प्रत्येक गावाला आपला वेगळा आकडा मिळतो, एक ते बारा. तिथल्या माणसांना किती जाणवला, काय पडलं, काय वाजलं, त्यावरून. यंत्राला गाव दिसत नाही, म्हणून माणसांना विचारायचं.

गावाला आपला वेगळा आकडा मिळतो, एवढंच आण्णांनी ऐकलं.

"करजगुंडीला किती दिलासा?"

"चार बसतील. फळीवरची भांडी वाजली, दोन म्हशींनी दावं तोडलं."

आण्णांनी मिशीवरून हात फिरवला. "मग आमाला पाच लिवा."

"लिवा म्हणून लिहीत न्हाईत, आण्णा. सांगा काय झालं. तीन त्रेपन्नला इथं कोण होतं?"

आण्णांनी भरमाकडं पाहिलं. भरमानं वही उघडून खणखणीत आवाजात वाचलं: सहा टाळकरी, एक मृदंगी, वीणा गुणाबाई, सर्व उभे राहून नामस्मरण करत होते.

समता लिहीत गेली. "हादरा बसल्यावर टाळ थांबले?"

"छ्या. अखंड सप्ताह हाय. टाळ थांबतील कसे?"

"कुणाचा तोल गेला? मृदंगावरचा हात चुकला?"

"अजिबात न्हाय," आण्णा अभिमानानं म्हणाले.

"मग आठ माणसं उभी असून कुणाला काही कळलंच न्हाय." तिनं अर्जावर आकडा टाकला. "दोन."

कालच्या हादऱ्यानंही मंदिर एवढं हललं नव्हतं. करजगुंडीला चार आणि आंबेगाळीला दोन. म्हशींच्या मानानं आठ माणसं कमी पडली होती.

कमिटी एकमेकांच्या कानाला लागली. मग आण्णा खाकरले आणि विचारलं की पाच मिळायला साधारण काय काय लागतं. समतानं सांगितलं: झोपलेली बहुतेक माणसं जागी व्हायला हवीत, हलक्या वस्तू पडायला हव्यात, काही माणसं घाबरून बाहेर पळायला हवीत.

"झोपल्याली," आण्णा म्हणाले. "झोपल्यालीच हुती की."

आणि मग आंबेगाळीनं जे पाहिलं ते सव्वीस वर्षांच्या कीर्तनांनी घडवलं नव्हतं. एकामागून एक टाळकरी पुढं आले आणि देवासमोर, पंचांसमोर, सरकारसमोर कबूल झाले. पहिला म्हणाला, मी खांबाला टेकून झोपलेलो, खडबडून उठलो. दुसरा म्हणाला, मी तर पार घोरत होतो, छातीत धस्स झालं. तिसऱ्याला वाटलं आपली झोप हलकी ठरू नये, म्हणून त्यानं जेवण झाल्याबरोबर अंथरूणच टाकल्याचं सांगितलं. मृदंगीनं मृदंगाची उशी केल्याचं मान्य केलं. समता एकेकाचं नाव, वय, झोपेची जागा लिहीत होती. पाच दिवसांचा अखंड पहारा त्या अर्जात ओळीओळीनं आडवा होत होता, आणि कुणाला लाज वाटत नव्हती, कारण हे सगळं गावासाठी चाललं होतं.

"आनी भावकू," आण्णा म्हणाले. "सांग रं, कसा दचकून उठलास."

भावकूनं डोकं खाजवलं. "मला काय ठावंच न्हाय, बाई. मी चहाला उठलो."

"भावकू!"

"आता सरकारला खोटं कसं सांगू, आण्णा? कपबश्या वाजल्या तवा जाग आली."

गुणाबाईनं पदर तोंडाला लावला. चाळीस वर्षांत नवरा इतका देखणा तिला दिसला नव्हता.

समतानं भावकूची झोप काळजीपूर्वक लिहून घेतली. मग ती गुणाबाईकडं वळली. गुणाबाई म्हणाली, "मी दाराशी पाणी प्यायला बसलतो. पेला हातात हुता. पाण्यावर वर्तुळं उठली. सांडलं मातर न्हाय."

"वीणा तुमच्याकडं होती ना? वहीत तसं आहे."

गुणाबाईनं उत्तर दिलं नाही. काल एकदा दिलं होतं, त्यावर लोक हसले होते. तिनं फक्त आण्णांकडं पाहिलं. रागानं नव्हे, एखाद्याचा चरण अडखळला की ती खांबाआडून जशी बघायची, तशी.

समता अर्जावर ओठ आवळून विचार करत होती. दोन खोडून तिनं तीन केले होते. पाण्याचा पेला सांडला नाही. घंटा वाजली नाही. एक माणूस चहापर्यंत झोपला. वस्तू पडलेली एकही नाही. बाहेर पळालेलं कुणी नाही.

"काहीच पडलं न्हाय का हो, आण्णा? उभ्या माणसाच्या हातातून काही सुटलं? तसं असेल तर विचार करता येतो."

आण्णांच्या चेहऱ्यावर कालपासूनचं सगळं येऊन गेलं. एका बाजूला वही, सरकारी वेळ, गुणाबाईचे कान. दुसऱ्या बाजूला करजगुंडीचा चेअरमन आणि त्याचं स्टेटस. बुवा मागच्या खांबाशी बसून सुपारी कातरत होते, त्यांचा अडकित्ता थांबला.

"वीणा पडली," आण्णा म्हणाले.

"कुणाच्या हातातून?"

"मी उभा हुतो. वीणा माज्या गळ्यात हुती." आवाज चढत गेला. "असला हादरा, बाई, असला हादरा, माज्यासारका गडी उभा ऱ्हाऊ शकला न्हाय. वीणा गळ्यातनं काढून टाकली आनी खानापूरच्या फोटोवाल्यामागं पिंपळापतोर पळालो. लिवा. पळालो म्हणून लिवा. धोतर सुटायच्या बेतात आलतं, ते बी लिवा."

"पण तुमचा पहारा चारला आहे वहीत."

"वहीचं काय सांगता? ती भरम्या सकाळीच लिवून ठेवतोय. मी तीन पन्नासला वीणा घेतली. फोटो काढायचा हुता."

समतानं वही ओढून घेतली, पान उलटलं. उद्याची पहाटही भरलेली होती, सगळे उभे. तिनं भरमाकडं एकदा पाहिलं, भरमानं छताकडं पाहिलं. मग तिनं अर्ज आण्णांसमोर ठेवला, साक्षीला कमिटीतले दोघं घेतले, आणि आण्णांनी ऐटीत, लांबलचक शेपटीची सही ठोकली.

"बाई," गुणाबाई म्हणाली, "ह्याची एक प्रत मिळंल?"

आण्णांचा हात पेनासकट हवेतच राहिला. काय सांगून बसलो ते त्यांना तेव्हा कळलं, आणि जवळजवळ त्याच वेळी सगळ्या मंदिरालाही. खांबांमागून बायकांच्या बांगड्या वाजल्या. आण्णा हलक्या आवाजात म्हणाले की ते पळायचं तेवढं खोडलं तर बरं. समता म्हणाली की साक्षीसह सही झाल्यावर खाडाखोड चालत नाही.

"बरं, ऱ्हाऊ द्या. पाच तर झालं न्हवं?"

"तीन."

"तीन? आनी मी पळालो ते?"

समतानं कागदाचा फोटो काढून तो गुणाबाईच्या नवऱ्याच्या फोनवर धाडला, पिशवी आवरली. "सात झोपलेल्यांतला एक उठलाच न्हाय, पाणी सांडलं न्हाय, घंटा वाजली न्हाय. बाहेर पळाले ते दोघंच, त्यातला एक खानापूरचा. बाकी कुणी पळालं असतं तर जमिनीचा गुण म्हटला असता. एकटा पळाला तर तो माणसाचा." आणि जीप गुंजीच्या वाटेला लागली.

त्यानंतर कमिटीनं फार वेळ घेतला नाही. कान धरायचा विषय कुणी काढला नाही. बायकांचा पहारा चालू राहील, असं दोघं-तिघं एकदमच बोलले, जणू तो कधी बंद करायचा विचारच नव्हता. दोन ते चारमधून भावकूचं नाव काढलं. भावकूनं देवाला दोनदा नमस्कार केला. राहिली तांबडी शाई. भरमा दौत घेऊन बसला आणि कुणाचं नाव लिहू म्हणून प्रत्येकाच्या तोंडाकडं बघू लागला. प्रत्येकजण दुसरीकडं बघत होता. आण्णा डेअरीला जायचं म्हणून उठले होते. शेवटी भरमानं आपल्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं: "भूकंपामुळे वीणा खाली आली."

बुवांनी गुणाबाईकडं पाहिलं. पटलं का, असं त्या बघण्यात होतं.

"चांगलं हाय," गुणाबाई म्हणाली. "मग आता भूकंपाला कान धरायला लावा."

बुवा इतके हसले की सुपारी अडकली आणि त्यांना पाणी द्यावं लागलं.

दुपारी दोनला गुणाबाई उभी राहिली. सगळ्या कमिटीसमोर झोप कबूल केली असल्यामुळं आज टाळकऱ्यांना झोपायची चोरी झाली होती. सहाही जण डोळे ताणून उभे होते आणि टाळ कधी नव्हे ते तालात वाजत होते. मालुबाई पहिल्या खांबापुढं येऊन बसली होती, मागं नाही. बुवाही न सांगता येऊन बसले.

तीन पन्नासला आण्णा आले. मागं फोटोवाला, आज आल्या आल्या दार कुठं आहे ते बघून घेतलेला. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन तिरकं पडलं होतं. आण्णांनी नवं उपरणं सारखं केलं आणि दोन्ही हात पुढं केले.

"दे आक्का."

गुणाबाई तारेवरचं बोट न थांबवता म्हणाली, "चार न्हाईत वाजलं अजून."

आण्णांनी हात तसेच ठेवले. खाली घ्यावेत तर लोक बघणार. तसेच ठेवावेत तरी लोक बघणार. बुवांनी मृदंग्याला डोळ्यानं खूण केली, त्यानं लय धरली, बुवांनी विठ्ठलनामाचा गजर उचलला, आणि टाळकऱ्यांना झोप उडाल्याचा राग काढायला जागा मिळाली. मंदिर दणाणलं. तीन त्रेपन्न झाले. पायरीवरच्या पेल्यातलं पाणी गजरानं थरथरत होतं. आण्णांनी एकदा फरशीकडं पाहिलं.

तीन सत्तावन्नला फोटोवाला म्हणाला की ऊन जाईल. गुणाबाईला ऐकू आलं नाही. तिचे डोळे मिटलेले होते, आणि ते खरोखरच मिटलेले होते.

भिंतीवरच्या घड्याळात चार पडले. ऊन खिडकीच्या चौकटीवर चढून गेलं होतं. गुणाबाईनं डोळे उघडले, पण पट्टा मानेवरून सोडला नाही.

"भरमाण्णा," ती म्हणाली, "वही आणा. आता लिवा. मी बघतो."

भरमानं घड्याळ पाहिलं, वही मांडीवर घेतली आणि गेल्या सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा घडलेली गोष्ट घडल्यावर लिहिली. मग गुणाबाई वाकली. ह्या खेपेला आण्णांनाही पुरतं वाकावं लागलं.